फेट सिम्युलेशन्स: विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी एका शिक्षिकेचा अभिप्राय

विज्ञानाच्या तासाला काहीतरी करून दाखवायचं म्हणून इंटरनेटवर शोधायला बसलं की ढीगभर सापडतं. त्यातलं बरंचसं नुसतं बघण्याचं असतं. रंगीत फेस उसळतो, ज्वालामुखी फुटतो, मुलं टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. फेस का आला हे विचारलं तर वर्ग गप्प. मला असं साधन हवं असतं ज्यात मुलांना एखादी गोष्ट बदलता येते, बदलल्यावर काय झालं ते मोजता येतं आणि पुढचा प्रश्न त्यांचा त्यांना पडतो. या कसोटीवर माझ्याकडे सगळ्यात जास्त टिकलेलं साधन म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग.

कार्ल वायमन यांना 2001 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि 2002 मध्ये त्यांनी हा प्रकल्प सुरू केला. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली, पण आता रसायन, जीवशास्त्र, पृथ्वीविज्ञान आणि गणितही आहे. सगळं मोफत. नवीन सिम्युलेशन्स ब्राउझरमध्ये थेट चालतात, आणि एकेक फाइल उतरवून ठेवली की नेट नसतानाही चालतात. वर्गात नेटचा भरवसा नसणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

दोलकाचं सिम्युलेशन आधी सांगते, कारण ते मला मनापासून आवडतं. दोऱ्याची लांबी, गोळ्याचं वस्तुमान, गुरुत्व, घर्षण, सगळं सरकपट्टीने बदलता येतं. वस्तुमान दुप्पट केलं तर दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, किती होईल, असं मी आधी विचारते. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, जड गोळा लवकर येईल. मग करून बघायचं. दोलनकाल हलत नाही, आणि ‘बाई, असं कसं?’ हा प्रश्न मला विचारावा लागत नाही, तोच माझ्याकडे येतो.

खरी गंमत पुढे आहे. दोलनकाल झोक्याच्या रुंदीवर अवलंबून नसतो, असं आपण फळ्यावर लिहून मोकळे होतो. हे लहान कोनांपुरतंच खरं आहे. एक मीटर लांबीचा दोलक थोडासा ओढून सोडला तर दोलनकाल सुमारे 2.0 सेकंद येतो. तोच 90 अंशांवरून सोडा, जवळजवळ 2.4 सेकंद लागतात. फेट इथे सोपं सूत्र वापरून फसवत नाही, फरक स्पष्ट दिसतो. एखाद्या चौकस मुलाने गोळा पार आडवा नेऊन सोडला तर ‘सर्व कोनांना तेवढाच वेळ’ हे वाक्य त्याच्यापुरतं तिथेच गळून पडतं. सूत्राला मर्यादा असते हे शिकवायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

त्याच सिम्युलेशनमध्ये पृथ्वी, चंद्र आणि गुरू यांच्यासोबत एक ‘ग्रह एक्स’ आहे. त्याचं गुरुत्व दिलेलं नाही. लांबी मोजायची, दोलनकाल मोजायचा आणि g काढायचा. सूत्रात आकडे घालण्याचा कंटाळा असलेली मुलंसुद्धा इथे कॅल्क्युलेटर मागतात, कारण उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नाही. मीही इथे सांगत नाही.

मात्र मी पडद्यापासून सुरुवात करत नाही. आधी दोरा आणि त्याला बांधलेला एक नट. गट करायचे, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एकच झोका मोजायचा. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येतो, भांडणं होतात. मग दहा झोक्यांचा वेळ घेऊन दहाने भागायचं. बटण दाबताना होणारी सेकंदाच्या अंशाची चूक दहा ठिकाणी वाटली जाते आणि आकडे एकमेकांजवळ येतात. मोजमापातली चूक म्हणजे काय, हे पडद्यावर शिकता येत नाही, कारण तिथलं घड्याळ चुकतच नाही. हाताला चूक कळली की मगच सिम्युलेशन उघडायचं. त्याच्या अचूकपणाची किंमत तेव्हा मुलांना कळते.

विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनलाही हेच लागू आहे. एक सेल, एक छोटा बल्ब आणि एकच तार देऊन ‘पेटवा’ म्हणा, बाकी काही सांगू नका. बल्बला दोन टोकं असतात, एक तळाशी आणि दुसरं बाजूच्या धातूच्या आवरणाला, हे शोधायला मुलांना बराच वेळ लागतो. तो वेळ द्यावा. त्यानंतर फेटवर तारा जोडायच्या. तिथे इलेक्ट्रॉन निळ्या ठिपक्यांसारखे सरकताना दिसतात आणि स्विच जोडून परिपथ पूर्ण केला की सगळे एकदम निघतात. बॅटरीतून निघालेला इलेक्ट्रॉन बल्बपर्यंत पोहोचला की उजेड पडतो, हा घट्ट बसलेला गैरसमज या एका दृश्याने सैल होतो. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असताना इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. तेवढं मात्र शिक्षकानेच सांगायला हवं, कारण पडद्यावरचे ठिपके भरभर पळतात.

नाणं, पेन्सिल, खोडरबर, कागदाची क्लिप या वस्तूही परिपथात अडकवता येतात. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की आगीचे लोळ दिसतात. शॉर्टसर्किट पडद्यावर करायला द्यावं आणि टेबलावर करू देऊ नये, इतकं साधं आहे.

एका बाबतीत सावध राहावं. सिम्युलेशनमधल्या साध्या बल्बचा रोध कायम राहतो, त्यामुळे 9 व्होल्टच्या बॅटरीला 10 ओहमचा एक बल्ब जोडला की 0.9 अँपिअर आणि असे दोन एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडले की नेमके 0.45. खऱ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापते आणि तापल्यावर तिचा रोध थंड असतानापेक्षा कित्येक पटींनी वाढतो. दोन बल्ब एकसर जोडले की प्रत्येक तार कमी तापते, रोध कमी राहतो, आणि धारा निम्म्याहून जास्त येते. टेबलावर खरा अँमीटर असेल तर हा फरक दिसतोच. मुलं विचारतात, कोणाचं बरोबर? दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मी त्यावर अख्खा तास घालवते, आणि तो माझ्या चांगल्या तासांपैकी असतो.

भाषेचं म्हणाल तर शंभराहून अधिक भाषांत भाषांतरं झाली आहेत आणि बरीचशी सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात. भाषांतर स्वयंसेवक करतात, तेव्हा वर्गात लावण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालावं आणि आपल्या पुस्तकातल्या संज्ञांशी ताडून पाहावं. मोबाइलवर दोलक छान चालतो, परिपथ जोडताना मात्र बोटाखाली तारेची टोकं झाकली जातात. त्यासाठी टॅब किंवा संगणकच बरा.

शिक्षक म्हणून नोंदणी केली की जगभरच्या शिक्षकांनी तयार केलेल्या कृतिपत्रिका उघडतात. त्यांतल्या काही अगदी ‘हे दाबा, ते लिहा’ छापाच्या आहेत, त्या बाजूला ठेवाव्यात. मी कृतिपत्रिकेआधी मुलांना पाच-दहा मिनिटं मोकळं सोडते. फेटची मांडणीच अशी आहे की सूचना न वाचता मूल योग्य बटणापाशी पोहोचतं. बनवणारी मंडळी विद्यार्थ्यांना समोर बसवून, ते कुठे अडखळतात ते बघून सिम्युलेशन दुरुस्त करतात, आणि ती मेहनत जाणवते.

नव्याने वापरणाऱ्यांनी दोलक आणि परिपथ या दोनच गोष्टी घ्याव्यात. दोरा, नट, सेल, बल्ब आणि तार आधी टेबलावर मांडून ठेवावेत, प्रोजेक्टर नंतर लावावा.