सोलापुरातील मुलाखत-तयारीचा पंधरा दिवसांचा वर्ग : एक अभिप्राय

बँकांच्या परिविक्षाधीन अधिकारी, म्हणजे पी.ओ. पदाच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागल्यावर मुलाखतीसाठी फारसे दिवस हाती राहत नाहीत. त्या घाईत मी सोलापुरातच पंधरा दिवसांचा एक मुलाखत-तयारी वर्ग लावला होता. शुल्क साडेसहा हजार रुपये, तुकडीत बावीस उमेदवार आणि रोज संध्याकाळी दोन तास, असे त्याचे स्वरूप होते. पुढे काही तक्रारी लिहिल्या आहेत आणि तसेच काही दोष शहरातील इतर वर्गांतही असल्याचे मैत्रिणींकडून ऐकले आहे, म्हणून नाव देत नाही.

सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या या भरतीत मुलाखत 100 गुणांची असते. किमान 40 टक्के गुण मिळवावे लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट 35 टक्क्यांची आहे. अंतिम यादीत मुख्य परीक्षेला 80 आणि मुलाखतीला 20 असा भार दिला जातो, त्यामुळे मुलाखतीत दहा गुण वाढले तर अंतिम बेरजेत दोनच वाढतात. पण यादीच्या काठावर जी गर्दी असते, तिच्यात हे दोन गुण पुरेसे ठरतात. लिपिक पदाला मुलाखतच नसते. साहजिकच लिपिकाची परीक्षा दोन-दोनदा दिलेल्या आमच्यापैकी बहुतेकांवर अनोळखी माणसांसमोर बसून बोलण्याची वेळ कधी आलेलीच नव्हती, आणि वर्ग लावण्याचे खरे कारण तेच होते.

पहिले पाच दिवस छापील टिपणांत गेले, आणि ते वाया गेले असे मी स्पष्टपणे म्हणेन. ‘तुमचा एक दोष सांगा’ या प्रश्नाला टिपणात एकच आदर्श उत्तर होते : मी प्रत्येक काम निर्दोष व्हावे असा आग्रह धरते, त्यामुळे मला वेळ लागतो. सराव मुलाखतींच्या पहिल्या संध्याकाळी ओळीने तिघांनी हेच उत्तर दिले, तेव्हा परीक्षक मंडळातील निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवले आणि ‘पुढचे उमेदवारही इतकेच निर्दोष आहेत का?’ असे विचारले. टिपणे ज्या वर्गाची, मंडळही त्याच वर्गाचे, हे लक्षात घेता हा प्रसंग संचालकांनी मनावर घ्यायला हवा होता. टिपणे मात्र शेवटपर्यंत तीच राहिली.

वर्गाचे मोल आहे ते या मंडळात. माझ्या अर्जात वडिलांचा व्यवसाय यंत्रमाग असा लिहिलेला होता. घरी किती माग आहेत असे त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारले. आठ, असे मी सांगितले. ‘उद्या तुमचेच वडील तुमच्या शाखेत खेळत्या भांडवलासाठी कर्ज मागायला आले, तर तुम्ही काय पाहाल?’ मी पाठ केलेली मुद्रा योजना सुरू केली : शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. त्यांनी मला मध्येच थांबवले. ‘योजना कागदावर आहेतच. तुमच्या वडिलांचे पैसे अडकतात कुठे, ते सांगा.’ मला सांगता आले नाही. आठ मागांच्या आवाजात लहानाची मोठी झालेल्या मुलीला ते सांगता येऊ नये, याची त्या रात्री मला फार लाज वाटली.

घरी जेवताना वडिलांना तोच प्रश्न विचारला. सूत रोखीने किंवा फार तर पंधरा दिवसांच्या बोलीवर घ्यावे लागते, कामगारांचा पगार दर आठवड्याला द्यावा लागतो, आणि टॉवेलचे पैसे पार्टीकडून दोन-तीन महिन्यांनी येतात, एवढे सांगून त्यांनीच उलट विचारले, ‘हे तुला क्लासमध्ये विचारतात?’ दुसऱ्या सराव मुलाखतीत मी हेच मांडले, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी पुढचे धागे जोडून दिले : कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे व्यवसायासाठी लागतील तसे पैसे उचलायच्या आणि भरायच्या कर्जखात्यात, मंजूर मर्यादा वेगळी आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम वेगळी, ती रक्कम माल आणि येणे यांच्या मूल्यातून देणे व मार्जिन, म्हणजे व्यावसायिकाचा स्वतःचा वाटा, वजा करून ठरते. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत चुकते केले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी प्राप्तिकरात वजा मिळतो, ही 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेली तरतूदही मला तेथेच कळली. सूत, पगार आणि उधारी यांचा मेळ बँकेच्या भाषेत कसा सांगायचा, हे शिकवायला त्यांना वीस मिनिटे पुरली.

प्रत्येक सराव मुलाखतीचे चित्रीकरण होते. माझे पाहताना आढळले की प्रत्येक इंग्रजी वाक्याआधी मी ‘म्हणजे’ म्हणते आणि उत्तर सुचेना की ओढणीचे टोक बोटाला गुंडाळते. आमच्या तुकडीत घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि मुलाखतीच्या खोलीत इंग्रजी बोलणारे बरेच होते. त्यांनाही आपापल्या अडखळण्याच्या जागा याच चित्रीकरणात सापडल्या.

आता तक्रारी. तीन सराव मुलाखती कबूल करून दोनच झाल्या. त्याहून गंभीर बाब कागदपत्रांची : या विषयाला वर्गाने अर्धा तासही दिला नाही. इतर मागासवर्गाच्या प्रमाणपत्राचा राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा. आयबीपीएसला नॉन-क्रीमीलेअरच्या उल्लेखासह केंद्राचाच लागतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीकडे राज्याच्या नमुन्यातील होते. मुलाखतीचे पत्र वाचताना सहज बोलणे निघाले म्हणून ते लक्षात आले, आणि मग पुढचे काही दिवस सराव सोडून तिला कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागल्या.

प्रत्यक्ष मुलाखत पुण्यात झाली आणि पंधरा मिनिटांच्या आत संपली. सोलापूर चादरीचे, मग तुमच्या घरी टॉवेल का, हा दुसराच प्रश्न होता, आणि तेथून बोलणे उधारीकडे वळायला वेळ लागला नाही. लग्नानंतर परराज्यात बदली झाली तर काय, असेही विचारले गेले. टिपणांत त्याचा मागमूस नव्हता, पण मंडळाने तो प्रश्न आधी विचारलेला असल्याने मी गडबडले नाही. माझी निवड झाली.

सराव मुलाखती आणि मंडळाची चर्चा एवढ्यासाठीच साडेतीन-चार हजार रुपये घेतले असते, तर मी हा वर्ग निःसंकोच सुचवला असता. सध्याच्या शुल्कात तो ज्यांच्या हाती पुरेसे दिवस आहेत आणि जे टिपणे बाजूला ठेवू शकतात, त्यांनीच लावावा. पैसे भरण्यापूर्वी सराव मुलाखतींची संख्या पावतीवर लिहून घ्यावी. चित्रीकरण वर्गाकडून आपणहून दिले जात नाही. पेन ड्राइव्ह घेऊन गेल्यास त्यावर उतरवून देतात.