सर्वधर्म अभ्यासगटासाठी ऑनलाइन साहित्य: कशासाठी कोणती साइट घ्यावी

सोसायटीत, कॉलेजात किंवा गावच्या वाचनालयात आठ-दहा जणांनी जमून एकमेकांचे धर्म समजून घ्यायचं ठरवलं, की पहिला शोध साहित्याचा सुरू होतो. साहित्य भरमसाट आहे आणि बहुतेक फुकट आहे. घोळ होतो तो निवडीत. मूळ ग्रंथ, त्याची ओळख आणि बोलण्याची रीत या तीन वेगळ्या गरजा आहेत. एकाच साइटवरून तिन्ही भागवायला गेलं तर एक तरी गरज अर्धवट राहते.

निवडताना आम्ही दोन कसोट्या लावतो. अनुवाद कुणाचा आणि कधीचा, हे पानावर दिसतं का? आणि त्या धर्माच्या माणसासमोर ते पान ठेवलं तर तो "हो, हे आमचंच" म्हणेल का? दुसऱ्या कसोटीवर भल्याभल्या साइट अडखळतात.

सगळं एका छताखाली, की ज्याचं त्याच्याकडे?

'सेक्रेड टेक्स्ट्स' ही १९९९ पासूनची इंग्रजी साइट. वेद, अवेस्ता, कुराण, बायबल, धम्मपद असं सगळं एका ठिकाणी मिळतं, म्हणून बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. पण या साइटवर मुख्यतः प्रताधिकार संपलेले अनुवाद आहेत, म्हणजे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. मॅक्स म्युलरच्या संपादनाखाली १८७९ ते १९१० या काळात निघालेली पन्नास खंडांची मालिका हा तिचा मोठा आधार. त्या काळच्या युरोपीय अभ्यासकांची मतं अनुवादात आणि तळटिपांत उतरलेली आहेत, आणि नवख्या वाचकाला ती वेगळी काढता येत नाहीत.

प्रत्यक्षात घोटाळा कसा होतो ते पाहा. तिथल्या कुराणाच्या अनुवादांपैकी रॉडवेलचा १८६१ सालचा अनुवाद सूरांचा (अध्यायांचा) परंपरेतला क्रम मोडून, अवतरणाच्या अंदाजी काळानुसार लावलेला आहे. पुस्तक उघडलं की पहिली भेटते ती ९६वी सूरा. गटातल्या मुस्लिम सदस्याच्या हातात घरची प्रत असते, बाकीच्यांकडे ही प्रिंट, आणि पहिली दहा मिनिटं पान शोधण्यात जातात. ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथाचं दुखणं निराळं. इथला रॉडकिन्सनचा अनुवाद संक्षिप्त आहे, आणि कुठे काय गाळलं हे नवख्याला कळत नाही. उलट 'सेफारिया' या ज्यू ग्रंथांच्या मोफत साइटवर २०१७ पासून स्टाइनसाल्ट्झ यांच्या अनुवादासह तालमुद मूळ मजकुराशेजारी वाचता येतो.

त्यामुळे जुने अनुवाद एकमेकांशी ताडून पाहायचे असतील, किंवा दुसरीकडे न सापडणारा ग्रंथ हवा असेल, तर 'सेक्रेड टेक्स्ट्स' कामाची. गटात वाचायला ज्या त्या परंपरेने स्वतः चालवलेली साइट घ्यावी.

मराठीत काय हाती लागतं

कुराणासाठी 'कुरान डॉट कॉम' सगळ्यात सोयीची. सेटिंगमध्ये अनुवादांच्या यादीत मराठी निवडता येतं, आयत अरबीत ऐकता येते, शब्दागणिक अर्थ दिसतो. एक गोष्ट गटाला आधीच सांगून ठेवावी: अनुवादात कंसात आलेले शब्द मूळ अरबीत नसतात, ते अनुवादकाचं स्पष्टीकरण असतं. काही इंग्रजी अनुवादांत, विशेषतः हिलाली आणि खान यांच्या, हे कंस इतके लांब आहेत की वाचणाऱ्याला तेच मूळ वाटतं आणि वाद त्या कंसावरच पेटतो. मराठीच्या शेजारी अब्देल हलीम यांचा २००४ सालचा इंग्रजी अनुवाद उघडून ठेवला की फरक लगेच दिसतो.

बायबलसाठी 'यूव्हर्जन' अ‍ॅपवर बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मराठी 'पवित्र शास्त्र' आहे आणि नव्या भाषेतलं आयआरव्हीही (इंडियन रिवाइज्ड व्हर्जन) आहे. 'बायबल गेटवे'वर सोप्या मराठीतली आवृत्ती मिळते. नवख्या गटाला सोपी आवृत्ती बरी, पण ती अर्थ उलगडून सांगते, त्यामुळे शब्दाशब्दावर चर्चा करायची असेल तर 'पवित्र शास्त्र'च घ्यावं. इथे एक खड्डा आहे. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. गटात वसईचे किंवा गोव्याचे कॅथलिक असतील आणि त्यांनी मक्काबींच्या किंवा तोबीतच्या पुस्तकाचा संदर्भ दिला, तर ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत तो सापडणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं छापील 'सुबोध बायबल' जवळ असलं तर कॅथलिक वाचकाला ते जास्त ओळखीचं वाटतं.

गीतेसाठी आयआयटी कानपूरची 'गीता सुपरसाइट'. तिचा फायदा अनुवादापेक्षा भाष्यांत आहे. शंकर, रामानुज, मध्व यांची भाष्यं एकाच श्लोकाखाली उघडता येतात आणि 'हिंदू धर्म म्हणतो' हे वाक्य किती सैल आहे ते गटाला न सांगता कळतं. उपनिषदांचा मूळ संस्कृत मजकूर स्वयंसेवकांनी चालवलेल्या 'संस्कृत डॉक्युमेंट्स'वर देवनागरीत मिळतो.

बौद्ध साहित्याची निवड महाराष्ट्रात जपून करावी लागते. 'सुत्तसेंट्रल' अभ्यासाच्या दृष्टीने अव्वल आहे. पाली सुत्ताला समांतर चिनी आणि तिबेटी पाठ कुठे आहेत ते ती दाखवते, आणि भिक्खू सुजातो यांचे इंग्रजी अनुवाद प्रताधिकारमुक्त ठेवल्याने कितीही प्रती काढता येतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या 'तिपिटक' साइटवर अख्खा पाली त्रिपिटक देवनागरीत आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतलेल्या घरांतला बौद्ध माणूस धम्माकडे पाहतो तो बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातून. फक्त सुत्तं समोर ठेवली तर त्याला आपला धम्म त्यात ओळखू येत नाही. तो इंग्रजी ग्रंथ कोलंबिया विद्यापीठाच्या साइटवर आहे, आणि महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या मालिकेचा तो अकरावा खंड आहे. बावीस प्रतिज्ञा वाचायला घेणार असाल तर हिंदू सदस्यांना आधी कल्पना द्यावी. त्यात देवदेवता स्पष्ट शब्दांत नाकारलेल्या आहेत, आणि ऐनवेळी ते कानावर पडलं की बैठक तिथेच थांबते.

गुरू ग्रंथ साहिबासाठी 'सर्चगुरबानी' किंवा 'श्रीग्रंथ'. १४३० अंगांच्या (पानांच्या) या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. मराठी गटाला शीख परंपरेत शिरायला याहून सोपी वाट नाही. तीच पदं आणि मराठी गाथेतले नामदेवांचे अभंग शेजारी ठेवले, तर भाषा आणि भाव दोन्हींतला फरक बोलायला पुष्कळ देतो.

'सेफारिया'वर मराठी नाही. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल समाजासाठी पुण्यात १८७४ साली मराठी हग्गादा (वल्हांडण सणाला वाचायची पोथी) छापली गेली होती, हे पाहता ही उणीव जरा खटकतेच. तरी तिची शीट बनवायची सोय दुसरीकडे नाही. हव्या त्या उताऱ्यांबरोबर बाहेरचा मजकूरही चिकटवता येतो, म्हणजे मराठी कुराण किंवा उपनिषद त्याच पानावर टाकता येतं. पारशी धर्मासाठी 'अवेस्ता डॉट ऑर्ग' आहे, पण तिथेही बरेच अनुवाद जुनेच.

ओळखीसाठी: विश्वकोश, बीबीसी की हार्वर्ड

मराठी विश्वकोश मोफत आहे, मराठीत आहे आणि धर्मांवरच्या नोंदी जाणत्यांनी लिहिलेल्या आहेत. पण पहिला खंड १९७६ चा. इतिहास आणि तत्त्वज्ञानासाठी तो अजून भक्कम आहे, मात्र लोकसंख्या, कायदे, चळवळी यांसाठी त्यावर विसंबू नये. बीबीसीच्या 'रिलिजन्स' विभागाची पानं छोटी आणि सुबक आहेत, शाळकरी मुलांनाही जमतील अशी. मात्र हा विभाग आता जतन करून ठेवलेला आहे, अद्ययावत होत नाही, आणि उदाहरणं ब्रिटनची.

हार्वर्डचा धर्मसाक्षरतेवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम एडएक्सवर फुकट ऐकता येतो, पैसे पडतात ते प्रमाणपत्राला. त्याची शिस्त तीन मुद्द्यांवर उभी आहे: प्रत्येक धर्म आतून अनेक प्रकारचा असतो, काळाप्रमाणे बदलतो, आणि संस्कृतीत मुरलेला असतो. गटातल्या सगळ्यांनी तो करायची गरज नाही. चर्चा चालवणाऱ्या एकाने केला तरी पुरे, कारण "तुमच्यात असं असतं ना?" या प्रश्नाला वळण कसं द्यायचं ते त्यातून समजतं.

आकडे लागले तर प्यू रिसर्च सेंटरचा जून २०२१ चा भारतावरचा अहवाल वाचावा. सुमारे ३०,००० प्रौढांच्या प्रत्यक्ष मुलाखती त्यात आहेत. सर्व धर्मांचा आदर करणं हा खरं भारतीय असण्याचा अतिशय महत्त्वाचा भाग आहे असं ८४ टक्के लोक म्हणतात, आणि त्याच अहवालात वेगळं राहण्याची पसंतीही दिसते. मुलाखती नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० मधल्या आहेत, हे लक्षात ठेवून वापरावा.

बोलण्याची रीत कुठून घ्यावी

साहित्यावर महिना जातो आणि रीतीवर कुणी तासभरही घालवत नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

'स्क्रिप्चरल रीझनिंग' ही १९९० च्या दशकात पीटर ऑक्स, डेव्हिड फोर्ड, डॅनियल हार्डी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रुजवलेली पद्धत. एका विषयावरचे ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम ग्रंथांतले छोटे उतारे एकत्र बसून वाचायचे. तयार उताऱ्यांचे संच मोफत उतरवून घेता येतात. ते इंग्रजीत आणि तीनच परंपरांचे आहेत, पण साचा उचलून आपले उतारे भरता येतात.

'पाहुणचार' या विषयावरचं एक पान असं बनतं. बायबलातून उत्पत्ती १८:१–८, कुराणातून ११:६९–७३, आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतला अकरावा अनुवाक, ज्यात 'अतिथिदेवो भव' येतं. पहिल्या दोन्हींत अब्राहाम म्हणजेच इब्राहीम अनोळखी पाहुण्यांपुढे वासराचं मांस ठेवतो. बायबलात पाहुणे जेवतात आणि तो झाडाखाली उभा राहतो. कुराणात त्यांचे हात अन्नाकडे जात नाहीत आणि तो मनात घाबरतो. पाहुणा जेवत नाही म्हणजे काय, या एका प्रश्नावर वीस मिनिटं सहज जातात, कारण याचं उत्तर प्रत्येकाकडे आपल्या घरचं असतं. उपनिषदात गोष्ट नाही, निरोप घेणाऱ्या शिष्याला आचार्यांचा उपदेश आहे. 'ह्रिया देयम्', संकोचाने द्यावं, हे तिथे सापडतं आणि चर्चा पुन्हा इब्राहीमच्या धांदलीकडे वळते.

वेळ नव्वद मिनिटं: पाच प्रस्तावनेला, प्रत्येक उताऱ्याला पंचवीस, शेवटचे दहा मोकळे. पान ए-फोर, अक्षर चौदा पॉइंट, प्रत्येकाच्या हातात कागद. मोबाइलवर वाचायला लावलं की दोघं भाष्य शोधू लागतात आणि उतारा बाजूला पडतो. उतारा त्या परंपरेच्या माणसाने मोठ्याने वाचावा आणि दोन मिनिटांत पार्श्वभूमी सांगावी, त्याहून जास्त नाही.

बिघडतं ते तीन ठिकाणी. उतारा पंधरा ओळींपेक्षा लांबला की वाचनातच वेळ जातो. एकुलत्या एक मुस्लिम किंवा ख्रिस्ती सदस्याला सगळे मिळून वकील बनवतात, आणि तो बातम्यांतल्या प्रत्येक घटनेचं उत्तर देत बसतो. चालकाने तिथल्या तिथे "या ओळीत काय आहे?" असं म्हणून कागदावर आणायचं. तिसरं, कुणीतरी पाचव्या मिनिटाला "शेवटी सगळे धर्म एकच सांगतात" असं म्हणून विषय मिटवून टाकतो.

'कैसिड'चे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चर्चा चालवण्याचं कौशल्य शिकवतात. २०१२ साली व्हिएन्नात सौदी अरेबिया, ऑस्ट्रिया आणि स्पेनने ही संस्था काढली, व्हॅटिकन निरीक्षक, कार्यालय आता लिस्बनला, आणि पैसा प्रामुख्याने सौदीचा. गटात हे कुणीतरी विचारणारच. आपण आधी सांगितलेलं बरं.

ग्रंथवाचनाची आवड नसलेल्या, नगरसेवक-शिक्षक-कार्यकर्ते अशा गटाला हार्वर्डच्या 'प्लुरलिझम प्रोजेक्ट'ची प्रकरणं जास्त मानवतात. १९९१ साली डायना एक (Eck) यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात खरे तंटे निर्णयाच्या क्षणापर्यंत आणून सोडलेले असतात. एका प्रकरणात शिकागोजवळच्या पेलोस हाइट्समध्ये मशिदीसाठी चर्चची इमारत विकत घ्यायची बोलणी झाली, आणि नगर परिषदेने माघार घेण्यासाठी दोन लाख डॉलर देऊ केले. तंटा परदेशातला असल्याने माणसं मोकळेपणाने बोलतात, आणि अर्ध्या तासात आपल्या वॉर्डावर येतात.

व्हिडिओ

'रिलिजन फॉर ब्रेकफास्ट' हे अँड्र्यू हेन्री यांचं यूट्यूब चॅनेल अभ्यासकाच्या नजरेने, बाजू न घेता समजावतं. बैठकीआधी घरी पाहायला ते चांगलं. दोन धर्मांच्या वक्त्यांमधले जाहीर वादविवाद मात्र टाळावेत. त्यांची मांडणी जिंकण्यासाठी असते आणि गटही नकळत टाळ्या वाटू लागतो.

आपल्या बैठकीचं रेकॉर्डिंग करू नये. नव्वद मिनिटांतले तीस सेकंद कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ (धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं) पर्यंत जाऊ शकतं, आणि ही भीती असली की कुणी मनातलं बोलतही नाही. गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' ठेवून त्यावर तारीख, जागा आणि उताऱ्याचं पीडीएफ एवढंच टाकावं.