सात थरांवर दोन टीका

ओएसआय हे नेटवर्कचं काम सात थरांत वाटून देणारं मॉडेल. त्या सात थरांना नाकं मुरडलेली वाचायची असतील तर आधी आरएफसी ८७१ (१९८२) घ्या; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावरचे क्रमांक दिलेले कागद. माइक पॅडलिप्स्की त्यात अर्पानेटचे (इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कचे) तीनच थर मांडतो आणि आयएसओ या मानक संस्थेच्या मॉडेलला, म्हणजे ओएसआयला, चिमटे काढतो. वाचायला मजा येते, पण भांडण आता जुनं झालं.

आरएफसी ३४३९ (२००२) मध्ये बुश आणि मायर थेट कामाची थरांत विभागणी करण्यावरच बोट ठेवतात: खालच्या थराने केलेलंच काम वरचा पुन्हा करतो. वायफायवर हरवलेली फ्रेम (डेटाचा तुकडा) वायफाय स्वतःच पुन्हा पाठवतं. त्यात फार वेळ गेला की वरच्या थरातलं टीसीपीही (डेटा नीट पोहोचवण्याची जबाबदारी घेणारा प्रोटोकॉल) तोच डेटा परत धाडतं. (उदाहरण माझं.)

भाषेत पॅडलिप्स्की सरस. रोज नेटवर्क सांभाळणाऱ्याला मात्र मी बुश-मायरचाच कागद देईन. त्यातला तिसरा विभाग तेवढा वाचला तरी चालेल.