मोटरहोममध्ये टायरच्या चुऱ्याची जमीन: चौदा महिने वापरल्यानंतर

आमच्या मोटरहोममध्ये आधी लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकींत अडकवायच्या पट्ट्या होत्या. वर्षभरातच त्या खड्ड्याखड्ड्याला कुरकुरायला लागल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात दाराजवळ दोन पट्ट्यांमध्ये नखभर फट पडली. घराची जमीन जागच्या जागी असते, गाडीचा सांगाडा मात्र रस्त्यावर सारखा पीळ खात असतो. कडक, सांध्यांची जमीन तिथे टिकणं अवघडच. म्हणून या वेळी मी लवचिक काहीतरी शोधत होते, आणि शेवटी घेतला जुन्या टायरांच्या चुऱ्याचा ६ मिलिमीटर जाडीचा रबरी रोल. व्यायामशाळेत वजनं आपटतात तिथे अंथरलेला असतो ना, तसलाच.

टायर दळून त्यातल्या पोलादी तारा चुंबकाने काढतात, कापडी धागे वेगळे करतात आणि उरलेला चुरा पॉलियुरेथेनमध्ये कालवून, दाबून त्याचे रोल करतात. माझ्या रोलमध्ये राखाडी ठिपके आहेत. ते बहुतेक वेळा टायरचे नसतात, वेगळ्या रंगीत ईपीडीएम रबराचे असतात. म्हणजे ठिपके जितके जास्त, तितका जुना टायर कमी. पुनर्वापरासाठीच घेत असाल तर साधा काळा घ्या. मी ठिपक्यांचा घेतला, कारण निव्वळ काळ्यावर धुळीचा कण न् कण दिसतो.

सगळ्यात आधी वजन बघा. मी ३० सेंटिमीटरचा चौकोनी नमुना मागवला आणि स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला: ५४० ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरला ६ किलो. कपाटं आणि पलंगाखालची जागा सोडून आमची उघडी जमीन साडेपाच चौरस मीटर भरते, त्यामुळे नुसतं रबरच ३३ किलो झालं. मला आधी ८ मिलिमीटरचा रोल हवा होता. तो ४४ किलोवर गेला असता, आणि ते ११ किलो मला पाण्यासाठी हवे होते. गाडीला किती भार चालतो हे कागदावर बघितल्याशिवाय हा माल मागवू नका.

जुन्या पट्ट्या उचलल्या तेव्हा दाराजवळचा प्लाय पायाखाली दबत होता. पाणी कधीपासून मुरत होतं कोण जाणे. तेवढा तुकडा कापून नवा बसवला, दाराचं रबर बदललं आणि दहा दिवस सगळं उघडं ठेवून वाळू दिलं. नवरा म्हणत होता, इतके दिवस कशाला. पण रबर चिकटवलं की खालचा ओलावा आतच अडकतो, वर यायला त्याला वाट उरत नाही. या दहा दिवसांबाबत मी कुणाचंही ऐकलं नसतं.

रोल आल्यावर तो पूर्ण एक दिवस सपाट पसरून ठेवला. गुंडाळीची सवय लागलेली असते, लगेच कापला तर मापं फसतात. चाकाच्या कमानीपाशी आणि टेबलाच्या पायाशी आधी पुठ्ठ्याचा साचा केला. कापायला नवं पातं, पोलादी पट्टी आणि साबणाचं पाणी. ओलं पातं सरळ जातं, कोरडं रबराला धरून बसतं. एका दमात आरपार कापायला जाऊ नका, तीन-चार वेळा हलकं फिरवा. चिकटवायला हवेतल्या दमटपणाने घट्ट होणारा पॉलियुरेथेनचा गोंद, दातेरी थापीने पसरलेला. हातमोजे हवेतच, तो कातडीला लागला की धुऊन जात नाही. दोन तुकड्यांचा सांधा मी किंचित जास्त मापाचा कापून दाबून बसवला आणि त्यावर रात्रभर पाण्याचे कॅन ठेवले. आज तो सांधा बोटाने चाचपूनच सापडतो.

आता वास. विकणाऱ्याने दोन दिवसांत जाईल असं सांगितलं होतं. आम्हाला तीन आठवडे लागले, तेही खिडक्या उघड्या ठेवून. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचं दार उघडलं की टायरच्या दुकानात शिरल्यासारखं व्हायचं. अजूनही कडक उन्हाच्या दिवशी पहिल्या मिनिटाला तो जाणवतो. वासाने डोकं दुखत असेल, किंवा लहान मूल दिवसभर जमिनीवर खेळणार असेल, तर मी हा माल सुचवणार नाही. आगीपाशीही रबर नको. हीटरखालची जागा मी मोकळी सोडून तिथे अॅल्युमिनियमचा पत्रा लावला आहे.

बाकी सुख मात्र खरं आहे. इंजिनाची घरघर तळव्यांना लागायची ती कमी झाली. पावसातून ओल्या पायांनी चढलं तरी पाय सरकत नाही. थंडीत पहाटे उठून अनवाणी उभी राहते तेव्हा पाय गारठत नाहीत. घाटात कपाटातून काचेचा पेला पडला, दोनदा उसळला आणि पलंगाखाली गेला. अख्खा सापडला. कुरकुर तर पहिल्या दिवसापासून नाही.

झाडणं मात्र वाढलं. पृष्ठभाग खरखरीत आहे, बारीक वाळू त्यात बसते आणि झाडूने निघत नाही, व्हॅक्यूमच लागतो. सुरुवातीला पांढरे मोजे काळे व्हायचे. साध्या सौम्य साबणाने चार-पाचदा पुसल्यावर थांबलं. न्हाणीच्या दाराशी मी पांढरी व्हिनाइलची मॅट टाकली होती, दीड महिन्यात तिची खालची बाजू पिवळट तपकिरी झाली. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात, आणि तो डाग धुऊन निघत नाही. आता तिथे सुती पायपुसणं आहे.

डिझेलपासूनही जपा. पंपावर बुटाला लागून थोडंसं आत आलं आणि पहिल्या पायरीपाशी तळहाताएवढा भाग फुगून मऊ पडला. उरलेला मीटरभर तुकडा पलंगाखाली सपाट ठेवलाय, गुंडाळून नाही. त्यातूनच या महिन्यात तिथे ठिगळ लावणार आहे.