कर्जाच्या सल्ल्यासाठी कर्वे रोडला गेलो होतो, अनुभव लिहितोय

दोन क्रेडिट कार्डं, दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत होतो आणि मुद्दल जागच्या जागी. इथल्या सल्लागार मॅडमनी सगळी स्टेटमेंटं टेबलावर पसरली, व्याजाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42, बघून पोटात गोळाच आला. सेटलमेंटची, म्हणजे कमी रकमेत तडजोड करून कर्ज मिटवायची, घाई करू नका म्हणाल्या, सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट) 'सेटल्ड' शेरा राहतो. वसुलीवाले रात्री 9 ला फोन करायचे, तर संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम मॅडमनीच सांगितला, आधी बँकेला लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. शनिवारी फार गर्दी, तासभर बसावं लागलं. बायकोला सोबत न्या, घरखर्चाचे खरे आकडे तिलाच माहीत होते.