नाझी काळातल्या मुलाची डायरी म्हणून मला ५४० युरोंना गंडवलं

५४० युरो. वर टपालखर्च १२ युरो ५० सेंट. एवढे मोजून माझ्या हाती आलंय ते शुद्ध बनावट बाड. जर्मनीत राहून जुन्या वस्तू ऑनलाइन घेणाऱ्यांनो, हे वाचाच.

जाहिरात अशी: हिटलरच्या राजवटीत वाढलेल्या एका कामगाराच्या मुलाची वही, सोबत वडिलांचं 'काडेएफ' मोटारीचं, म्हणजे नाझी राजवटीने कामगारांना कबूल केलेल्या स्वस्त गाडीचं (पुढची फोक्सवॅगन), बचतकार्ड; त्यावर तिकिटं चिकटवून गाडीचे पैसे साठवायचे. आमच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना दाखवायला मला असंच काही हवं होतं. सेनापती आणि मंत्र्यांबद्दल ढीगभर छापलेलं मिळतं. पण १० व्या वर्षी युंगफोकमध्ये, म्हणजे नाझींच्या लहान मुलांच्या संघटनेत, गेलेलं, ६० मीटर १२ सेकंदांत पळायची परीक्षा दिलेलं, हिवाळ्यात डबा घेऊन मदतनिधी गोळा करत फिरलेलं साधं पोर कुठे भेटतं? वहीत हे सगळं होतं. लबाडाने अभ्यास करून ठेवला होता, म्हणूनच मी अडकलो.

घसरला तो एकाच पानावर, आणि त्याच पानाचा फोटो त्याने मला आधी पाठवला होता. 'नाताळ १९३७. बाबांनी कार्डावर पाच मार्कांचं तिकीट चिकटवलं.' अहो, ती योजनाच १ ऑगस्ट १९३८ ला जाहीर झाली! आठवड्याला ५ मार्क, गाडी ९९० मार्कांना. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले, गाडी एकालाही मिळाली नाही. युद्धानंतर वर्षानुवर्षं कोर्टात भांडून १९६१ मध्ये पदरात काय पडलं, तर नव्या गाडीवर ६०० मार्कांपर्यंत सूट, नाहीतर रोख १००. हे मी मुलांना शिकवतो. ते साल डोळ्यांत खुपलंही होतं. विचारलं तर म्हणाला, "मुलाने नंतर आठवून लिहिलंय." लहान पोराचं साल चुकू शकतं, कुणालाही पटलं असतं. शिवाय दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणून घाई. पैसे 'ओळखीच्या व्यक्तीला' म्हणून पाठवा, शुल्क वाचेल. हे कुणीही, कितीही गोड बोलून सांगितलं तरी करू नका.

वही आली. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली तर पानं निळसर पांढरी चमकली; म्हणजे कागदात युद्धानंतरच वापरात आलेलं पांढरेपणा आणणारं रसायन. १९८३ मध्ये हिटलरच्या खोट्या डायऱ्याही अशाच कागदाने उघड्या पाडल्या होत्या; 'श्टर्न' साप्ताहिकाचे ९३ लाख मार्क त्यात गेले. दिवा स्वस्त मिळतो, जवळ ठेवा.

आता पोलीस. काउंटरवरच्या बाईंनी वही उघडली आणि आधी मलाच विचारलं, आतल्या शिक्क्यावर नाझी चिन्ह आहे, तुम्ही हे कशाला बाळगता? इतिहास शिकवण्यासाठी कायद्यात सूट आहे, हे मी त्यांना सांगायचं! मग म्हणे, हा दिवाणी मामला, वकील गाठा. वकिलाची फी कोण देणार? बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. विक्रीची साइट म्हणते, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत. मी पुराव्यांची फाइल घेऊन उभा, आणि ती उघडून बघायची कुणाची तयारी नाही.

त्या माणसाचं खातं अजून चालू आहे. आता तिथे एका मुलीची वही लागलीय, किंमत ४९० युरो. फोटोतलं अक्षर तेच, शाई तीच. दिसली तर घेऊ नका, साइटकडे तक्रार नोंदवा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट मला पाठवा.