लाल टोकाची गोळी: कायोटीला उत्तम, मोठ्या मांजराला नको

हॉर्नाडी कंपनीची, .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसातली ५५ ग्रेन (म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम) वजनाची व्ही-मॅक्स गोळी बरीच वर्षं वापरतोय, म्हणून लिहितो. टेक्सासात सॅन अँजेलोच्या बाहेर माझ्या बोअर शेळ्या आहेत (फलटणकरांना हा वाण नवा नाही). करडं जन्मायला लागली की कायोटी (कोल्ह्यासारखं रानटी जनावर) कुंपणाशी घिरट्या घालतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय जवळपास संपवला. इथे कळप राखायचा तर रायफल लागतेच. नवीन माणसाचा प्रश्न ठरलेला: "कुठली रायफल घेऊ?" अहो, रायफल नंतर. आधी गोळी आतून कशी आहे ते बघा.

व्ही-मॅक्सचं टोक लाल प्लास्टिकचं. त्याच्या मागे पोकळी, मग शिसं, वरून तांब्याचं पातळ कवच. सेकंदाला सुमारे ३,२४० फुटांनी सुटलेली गोळी अंगात शिरली की टोक मागे दाबलं जातं आणि गोळी आतल्या आत फुटते. पंधरा किलोच्या कायोटीला हेच हवं. पुढच्या पायामागे फासळ्यांत बसली की जागेवर आडवा. कातडीवर भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, पलीकडून बहुतेकदा काहीच नाही. कातडी विकणारे याच्यावर खूश असतात. मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. आमची जमीन चुनखडीची. व्ही-मॅक्स दगडावर आपटली की बहुतेकदा फुटून जाते, पण अख्ख्या कवचाची (टोकापासून तांब्यात बंद) स्वस्त गोळी दगडावरून उसळून कुठे जाईल याचा नेम नाही. शिवाय ती जनावरातून आरपार निघते, आणि जखमी कायोटी झुडपात जाऊन तडफडत मरतो. ती पत्र्याच्या डब्यांवर खुशाल मारा.

चार-पाच किलोच्या करड्या खोकडाला व्ही-मॅक्स जरा जास्तच होते. तिथे .१७ एचएमआर या छोट्या काडतुसाची १७ ग्रेनवाली पुरे, शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत. तीच कायोटीवर झाडणारे मला पटत नाहीत. बॉबकॅटला (आखूड शेपटीचं रानमांजर) मात्र व्ही-मॅक्स चालते.

माउंटन लायनचं (म्हणजे प्यूमा, ते मोठं मांजर) गणित वेगळं. मोठा नर साठ-सत्तर किलोंचा, खांद्यावर दांडगे स्नायू, खाली जाड हाड. फुटायलाच बनवलेली गोळी तिथे वरच्यावर फुटणार. तो तिचा दोष नव्हे, ते तिचं कामच नव्हे. त्यासाठी कपाटात .२४३ विंचेस्टर रायफल आहे, १०० ग्रेनच्या नॉस्लर पार्टिशन गोळीसह. या गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत असते: पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस या थोरल्या हरणाच्या शिकारीत गोळ्या पुरेशा आत जाईनात, तेव्हा जॉन नॉस्लर यांना ही कल्पना सुचली. महाग आहे. पण अशा जनावरावर पैसे वाचवायला जाऊ नये.

कॅलिफोर्नियात असाल तर ही व्ही-मॅक्स बाद. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, शिसं नसलेली, बहुतेकदा तांब्याची घ्यावी लागते.

जुन्या, आतल्या खाचांना बारा इंचाला एक पीळ असलेल्या नळीतूनही ५५ ग्रेन नीट जाते. ७५ ग्रेनच्या जड गोळीचा हट्ट तिथे धरू नका. एकाच लॉटच्या चार-पाच पेट्या घ्या, म्हणजे पेटीगणिक नेम पुन्हा तपासत बसावं लागत नाही. मी दोनशे यार्डांवर झिरो करतो, म्हणजे दुर्बिणीचा नेम तिथे जुळवतो. तीनशेवर गोळी साधारण सात इंच खाली बसते, आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला फूटभर बाजूला नेतो. आमच्याकडे तेवढा वारा रोजचाच, म्हणून तीनशे यार्डांपुढे मी ट्रिगरला बोट लावत नाही.